नम्रतेची लेखी हमी

३ तारीख, सोमवार

प्रिय टिल्लू,

तुझं नाव संघातून काढलेलं नाही, पण रोखून ठेवलं आहे. संघटनेच्या सचिवांनी आज दुपारी फोनवर मला तसं पक्कं सांगितलं. बाकीच्या वेटलिफ्टरांची नावं उद्या आमच्या क्रीडा पानावर येतील. तुझ्या वजनगटापुढं ‘निर्णय नंतर’ असं छापायचं आहे. ते पान मीच लावणार. पत्र पोचेपर्यंत तू ते वाचलेलंही असशील, पण घरच्या माणसाकडून कळलं नाही असं व्हायला नको.

माझा नंबर तू बंद करून टाकला आहेस, म्हणून पत्र. शिबिराच्या स्वयंपाकघरातल्या मावशींच्या नावावर रात्रीच्या बसनं पाठवतोय. “वाचेल की नाही ते मी सांगत नाही, पण तिच्या ताटाखाली ठेवीन,” असं त्यांनी कबूल केलंय.

आता मुद्दा. तुझ्यावर दोन ठपके आहेत. पहिला: सुवर्णपदक पक्कं झाल्यावरही तू शेवटचा प्रयत्न घेतलास, वजन उचललंस, आणि पंचांनी ‘खाली’ची खूण केल्यावरही बार डोक्यावर तसाच धरून त्यांच्याकडं रोखून बघत उभी राहिलीस. दुसरा: उतरल्या उतरल्या कॅमेऱ्यासमोर म्हणालीस, “आज माझ्या आसपाससुद्धा कुणी नव्हतं.”

संघटनेला तुझी लेखी दिलगिरी हवी आहे आणि यापुढं नम्रतेनं वागण्याची हमी. मंगळवारी, ११ तारखेला, तुमच्या शिबिराच्याच गावात, संघटनेच्या कार्यालयात सुनावणी आहे. हमी दिलीस तर नाव लागलीच जाहीर. नाही दिलीस तर दुसरी आलेली मुलगी तुझ्या जागी जाईल.

आणखी एक गोष्ट आहे, ती शेवटी ठेवावी की आधी, हे ठरवण्यात माझा चहा गार झाला. पुढच्या शनिवारी, १५ तारखेला, बाबांचा सत्कार आहे. ‘विनयशील प्रशिक्षक’ असं पत्रकावर छापलंय. सचिवांची कल्पना अशी, की तू ती दिलगिरी तिथं व्यासपीठावर बाबांच्या शेजारी उभी राहून वाचावीस. बाबांनी होकार दिला आहे. तुला न विचारता. मलाही नंतरच कळलं.

आई म्हणाली, “तीन वर्षं मुलगी बापाशी बोलत नाही, आणि हे तिचं भाषण ठरवून मोकळे.” बाबा नुसते चष्मा पुसत बसले. तसे ते ठीक आहेत.

सोबत दिलगिरीचा मसुदा जोडला आहे. बाबांनी लिहायला सांगितला, मी लिहिला. सहा ओळी आहेत, त्यात कुठंही नाक घासलेलं नाही. खरं सांगू, सही करून टाक. दोन शब्दांनी तुझे खांदे काही बारीक होणार नाहीत. संघात जा, पदक आण, मग हवं ते बोल.

तुझा,
दादा


५ तारीख, बुधवार

प्रिय टिल्लू,

तुझा निरोप मिळाला. मावशींनी काल ऑफिसात फोन करून सांगितला: “ती म्हणते, दादाला सांगा, कागद चांगला आहे, पण तो मी लिहिलेला नाही.” मी विचारलं, आणखी काही म्हणाली? तर म्हणाल्या, “नाही. दुसऱ्यांदा भाजी घेतली.”

तुझ्या निरोपात चूक काढायला जागा नाही, म्हणून दिवसभर चिडचीड होत राहिली. एका जागी बसवत नव्हतं. पान लावताना दोन फोटोंच्या ओळी अदलाबदल केल्या. वेळेत दिसलं म्हणून बरं.

ऑफिसात तुझ्याखेरीज विषय नाही. मी असलो की आवाज खाली येतात, पण थांबत नाहीत. संपादकांचं म्हणणं, खेळाडू हा लोकांचा असतो, मुलं त्याच्याकडं बघून शिकतात, तेव्हा त्यानं पाय जमिनीवर ठेवावेत. आमचा फोटोग्राफर पाय टेबलावर ठेवून ऐकत होता. तो म्हणाला, “साहेब, आपण रोज पहिल्या पानावर नावाखाली छापतो, ‘सर्वाधिक खपाचं’. म्हणजे आपल्या आसपास कुणी नाही, असंच ना? आपण कुणाची माफी मागितली?” संपादक म्हणाले, ती जाहिरात आहे. तो म्हणाला, “मग तिनंही जाहिरात केली असेल.” त्याला लगेच कुठल्या तरी उद्घाटनाला पाठवण्यात आलं.

मला हसू आलं, पण मी बाजू कुणाचीच घेतली नाही. कारण ते वाक्य मला आवडलेलं नाही, टिल्लू. अजूनही नाही. स्पर्धेत आठ जणी होत्या. आठही जणी पहाटे उठतात, भूक मारून वजनगटात बसतात, तळहात सोलून घेतात. त्यांच्या समोर ‘कुणी नव्हतं’ म्हणायचं म्हणजे काय?

म्हणून आज दुसऱ्या आलेल्या मुलीकडं गेलो. तुला ती फक्त वजनाच्या आकड्यातून माहीत असेल. ती पोहण्याच्या तलावावर तिकीटखिडकीत बसते. सुट्टीचे दिवस असल्यानं रांग होती, आणि तिनं मला रांग सोडून बोलायला परवानगी दिली नाही. मी रांगेतून गेलो.

“तिनं माफी मागावी असं वाटतं तुम्हाला?” मी विचारलं.

“तुम्ही तिचे भाऊ ना?”

“हो.”

“मग भाऊ म्हणून विचारताय की पेपरवाले म्हणून?”

“दोन्ही.”

“एका तिकिटावर दोन माणसं नाही सोडत आम्ही,” ती म्हणाली. “बाजूला उभे राहा. मागच्यांना येऊ दे.”

मी बाजूला उभा राहिलो. ती तिकिटं फाडत फाडत बोलली.

“राग आला. अजून येतो. ती बोलली तेव्हा मी तिच्या मागंच बसून गुडघ्याच्या पट्ट्या सोडत होते. कुणी नव्हतं म्हणे. मी होते ना. — काका, टोपी आहे का? टोपीशिवाय पाण्यात नाही. — पण चौदा किलोंचा फरक होता. तो काही तिनं तोंडानं पाडला नाही.”

“मग माफी?”

“माफीनं काय होणार? ती कागद वाचणार, मला मिठी मारणार, तुम्ही फोटो छापणार. मला मिठी नकोय. मी आता रोज सरावाला जाते ती त्या वाक्यावर जाते. ते तुम्ही तिच्याकडून परत घ्यायला लावलं, तर मी कशावर जाऊ?”

“ती मंगळवारी हमी देणार नसेल तर तुमची निवड होईल. हे माहीत आहे ना?”

तिनं रांगेतल्या बाईंच्या हातातली नोट बघितली, सुटे दिले.

“माहीत आहे. घरी सगळे खूष आहेत. पण चौदा किलो मागं राहून गेलेली, असंच म्हणतील ना मला. तुम्हीच म्हणाल.”

मी विचारलं, हे छापू का? म्हणाली, “छापा. आणि नाव नीट मोठ्या अक्षरात टाका.”

छापतोय. संपादकांनी वाचून एवढंच विचारलं, “हिच्यातही नम्रता दिसत नाही कुठं?”

तुला मसुदा पाठवला होता तो फाडून टाक असं म्हणत नाही. पण त्यावर सही करच, असं परवाइतक्या जोरात आज म्हणवत नाही.

घरी सगळं ठीक. म्हणजे, बाबा आपल्या तालमीत गेलेले नाहीत. पोरं किल्ली मागायला घरी येतात, आई देते. सत्काराची बातमी आल्यापासून ते घरातच आहेत. मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं.

दादा


८ तारीख, शनिवार

प्रिय टिल्लू,

आज बाबांना मी ओढत तालमीत नेलं. तिथं जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण आईला सांगताना मी दोनदा अडखळलो.

आधी एक जुनी गोष्ट, जी तुला माहीत नसणार, तू तेव्हा रांगत होतीस. बाबांनी ती वरच्या मजल्यावरची खोली घेतली तेव्हा खाली दाताचे डॉक्टर होते. आपल्याकडं रबरी चकत्या नव्हत्या, सगळं लोखंड. वर कुणी बार टाकला की खाली पेशंट तोंड उघडं ठेवून खुर्चीत उडायचा. डॉक्टर काठीनं छत ठोकायचे. एकदा तर हातात ते दात धरायचं हत्यार घेऊन जिन्यानं वर आले होते. जागा जायची वेळ आली, तेव्हा बाबांनी नियम केला: बार टाकायचा नाही. हात वर ताठ झाले की लगेच, दोन्ही हातांनी, आवाज न करता खाली ठेवायचा. ओरडायचं नाही, टाळ्या नाहीत, उड्या नाहीत.

मग आमच्याच पेपरचा एक बातमीदार आला. त्यानं बघितलं की इथं पोरं एवढं वजन उचलतात आणि फुलदाणी ठेवावी तशी खाली ठेवतात, चेहऱ्यावर रेषा हलत नाही. त्यानं अर्धं पान लिहिलं, मथळा ‘नम्रतेची शाळा’. ते कात्रण बाबांनी चौकटीत लावलं. पुढं डॉक्टर गेले, तिथं गाद्यांचं गोदाम आलं. गाद्यांना कसला त्रास? पण नियम राहिला. लोक बघायला यायचे. बाबांनाही हळूहळू वाटायला लागलं, की हे त्यांनी पहिल्यापासून नम्रतेसाठीच केलं होतं. तू शिकलीस ती याच काळात. तुला डॉक्टर ठाऊकच नव्हते.

तर आज. बाबांना बाकावर बसवलं आणि फोनवर तुझा तो शेवटचा प्रयत्न दाखवला. त्यांनी तो बघितलाच नव्हता; लोकांकडून ऐकलं होतं फक्त. पहिल्यांदा बघून म्हणाले, “बघ कशी उभी आहे. कुणाला दाखवतेय?” मग म्हणाले, “परत लाव.” परत लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी फोन हातात घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

“तिचे ओठ बघ,” म्हणाले.

मी बघितलं. खूण झाल्यावर तुझे ओठ हलतायत.

“मोजतेय ती,” बाबा म्हणाले. “खूण झाली तरी विश्वास नाही तिचा. तीन मोजून मग खाली आणतेय. पंचांकडं बघतेय ती रोखून नाही रे. खूण खरंच झाली ना, ते बघतेय.”

मग त्यांनी फोन बाकावर उपडा ठेवला.

तीन वर्षांपूर्वीची ती स्पर्धा तुला मी काय सांगणार? वजन वर गेलं, हात ताठ झाले, आणि खूण व्हायच्या आत तू बार खाली आणलास. लाल दिवे, प्रयत्न बाद. पुढच्या प्रयत्नात पुन्हा तेच. अशी चूक दुसऱ्या कुठल्या तालमीतलं पोर करत नाही. त्यांना बार वर धरून लोकांकडं बघायची हौस असते. आपल्याकडच्यांचे हात मात्र वर गेले की लगेच खाली यायला बघतात. बाबा त्या दिवशी बातमीदारांना म्हणाले होते, “पंचांची चूक नाही, हरणं पचवायला शिकलं पाहिजे.” मी ते वाक्य छापलंही होतं, चांगलं वाटलं म्हणून. तू त्यानंतर बॅग भरलीस. बाबांची समजूत आजवर अशी, की तुला हरणं पचलं नाही.

आज म्हणाले, “तिनं मला विचारलं होतं. खूण होईपर्यंत थांबायचा सराव वेगळा करू का, म्हणून.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणालो, इथं बार वर धरून मिरवायची पद्धत नाही.”

तेवढ्यात पोरं आली. एकानं वजन उचललं आणि नेहमीसारखं गुपचूप खाली ठेवलं. बाबा म्हणाले, “धरून ठेव.” त्याला कळेना. “मी सांगेपर्यंत धर.” त्यानं पुन्हा उचललं. बाबांनी त्याला इतका वेळ सांगितलंच नाही, की पोराचे गुडघे थरथरायला लागले. मग म्हणाले, “आता टाक.” पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. “टाक म्हणतोय ना. खाली गाद्या आहेत.” पडलेल्या बाराचा आवाज त्या खोलीत मी किती वर्षांनी ऐकला, आठवत नाही. भिंतीवरचं कात्रण वाकडं झालं. कुणी सरळ केलं नाही.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई भांडी विसळत होती. म्हणाली, “त्या दातवाल्याला तरी कुठं ठाऊक, केवढी नम्रता लावून गेला आपल्या घराला ते.”

जेवताना मी बाबांना विचारलं, बार धरण्याचं समजलं, पण त्या वाक्याचं काय? ती सवय नव्हती. ते ती बोललीच.

“खोटं आहे का ते?”

“नाही.”

“मग मला विचारू नकोस. मी आयुष्यभर ‘माझं काही नाही, पोरांची मेहनत’ म्हणत आलो. दर वेळी समोरचा म्हणायचा, किती मोठा माणूस. मला बरं वाटायचं.” त्यांनी ताट पुढं सरकवलं. “तिनं जे बोलायचं ते सरळ बोलली.”

तू याच्यावर हसशील की चिडशील, मला सांगता येत नाही. माझं स्वतःचं दोन्ही करून झालंय.

दादा


१० तारीख, सोमवार

प्रिय टिल्लू,

सुनावणी उद्या सकाळी अकरा वाजताच आहे, आणि तुझ्याआधी बाबांचं म्हणणं ऐकलं जाईल. सचिवांनी आज सकाळी दोन्ही गोष्टी पक्क्या केल्या. बाबांनी त्यांना परस्पर फोन केला होता. मला सचिवांकडूनच कळलं.

“तुमच्या वडिलांचं काय बिनसलंय?” सचिव म्हणाले. “सत्कार ठेवा नाहीतर काढा म्हणतात, पण पत्रकावरचा ‘विनयशील’ हा शब्द आधी काढा म्हणतात. पत्रकं छापून झालीत हो.”

मी विचारलं, मुलीचं काय होईल? ते वाईट माणूस नाहीत, टिल्लू. म्हणाले, “मला ती संघात हवीच आहे. पदकाची आशा तिच्यावरच आहे. पण वर दाखवायला काहीतरी कागद लागतो मला. तिनं नुसतं उभं राहून नीट बोलावं, एवढी तरी सोय कराल?” मी म्हटलं, माझं ती ऐकत नाही. म्हणाले, “बापाचं?” मी म्हटलं, बापच तिचं ऐकायला येतोय. म्हणाले, “मग आधी त्यांना दहा मिनिटं देतो.”

मी बाबांसाठी निवेदन लिहून दिलं होतं. काल बसून, शांतपणे, नियम कसा आला, चूक कशी झाली, बार का धरला गेला, सगळं क्रमानं. मला वाटतं, चांगलं उतरलं होतं. बाबांनी वाचलं आणि परत दिलं.

“काय झालं?”

“यात मी पुन्हा मोठा दिसतो. चूक कबूल करणारा, वगैरे.”

“मग बदलून देतो.”

“नको. तोंडी सांगेन. दातवाल्यापासून सांगेन.”

हे ऐकून ते लोक काय करतील, मला अंदाज नाही. सत्कार जाईल, तो बाबांनी धरूनच ठेवलाय गेलेला. पण बार धरण्याचा ठपका पुसला गेला तरी वाक्याचा उरतो, आणि तो पुसायला बाबा जात नाहीयेत. मी मुद्दाम विचारलं. म्हणाले, “तिचं वाक्य आहे, ती बघेल.” दिलगिरी देऊ नकोस, असंही ते सांगणार नाहीत. मीही नाही. पहिल्या पत्रात मी फार खात्रीनं बोललो होतो. आता तेवढंच सांगतो, की दुसरी आलेली मुलगी उद्या कामावर रजा टाकून सुनावणीच्या बाहेर येऊन बसणार आहे. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, “बघायला. तुम्हाला काय?”

संघात तुझी जागा राहावी असं मला वाटतं. ती कशी राहावी, याबद्दल माझं मत रोज बदलतंय, म्हणून ते लिहीत नाही.

हे पत्र बाबांच्याच हाती देतोय. संध्याकाळच्या बसनं निघतील, सकाळी तुमच्या फाटकाशी असतील. आत येणार नाहीत. “तिच्या सरावाची वेळ असेल,” म्हणाले. पत्र मावशींकडं देतील आणि बाहेरच्या बाकावर बसतील. आईनं त्यांच्या बॅगेत तुझ्यासाठी काय काय भरलंय ते मला बघू दिलं नाही, पण बॅग मला एका हातानं उचलली नाही. तू बाहेर आलीस तर एकत्र जा. नाही आलीस तर ते चालत जातील, कार्यालय लांब नाही.

अकराला दार उघडेल. सचिवांनी बाबांना दहा मिनिटं दिली आहेत. त्यांना दोन पुरतील, त्यामुळं तुझी पाळी तू समजतेस त्याच्या आधी येईल. तयार राहा.

दादा